वायर न लावता लॅपटॉप टीव्हीवर: घरासाठी, शाळेसाठी, सविस्तर

आज्जीला शिवजयंतीची मिरवणूक बघायची होती. वैशाखात बेळगावात रात्रभर चित्ररथ निघतात, ते तिनं लहानपणापासून कधी चुकवले नव्हते. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून ती घरीच थांबली होती. भावानं केलेलं तासाभराचं शूटिंग माझ्या लॅपटॉपवर होतं. पाच मिनिटं ती चौदा इंचाच्या पडद्याला नाक लावून बसली, मग म्हणाली, "काय दिसंना बघ मला. त्या टीव्हीवर घाल की!"

समोर भिंतीवर ४३ इंची स्मार्ट टीव्ही होता. एचडीएमआयची केबल कुणीतरी मागून नेली होती, ती परत आली नव्हती. त्या संध्याकाळी वायरीशिवाय टीव्हीवर चित्र न्यायला मला दीड तास लागला. आता एका मिनिटात होतं. मधल्या काळात शहापूर, खानापूर, निपाणीतल्या नातेवाइकांच्या घरी आणि मी शिकवते त्या मराठी शाळेत हेच पुन्हा पुन्हा केलं. त्यातून जे पक्कं कळलं ते इथे लिहिते.

नेट लागतं का?

सगळे हाच प्रश्न आधी विचारतात. लॅपटॉपवर असलेली गोष्ट टीव्हीवर दाखवायला इंटरनेट लागत नाही. लॅपटॉप आणि टीव्ही वाय-फायनं एकमेकांशी घरातल्या घरात बोलतात. त्या बोलण्याला तुमच्या मोबाइलचा डेटा लागत नाही की ब्रॉडबँडचं बिल लागत नाही. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात रेंज गेली तरी हे चालतं, फक्त लाईट हवी. नेट लागतं ते गोष्टच नेटवरची असेल तर, म्हणजे यूट्यूब किंवा ओटीटी.

हे समजलं नाही की माणूस उगाच रिचार्ज मारत बसतो.

आधी ठरवा, काय न्यायचंय

टीव्हीवर काही न्यायचे तीन मार्ग आहेत. बहुतेकांची फसगत होते ती चुकीचा मार्ग धरल्यानं.

लॅपटॉपवर जे जे दिसतंय ते सगळं तसंच टीव्हीवर हवं असेल, म्हणजे पीडीएफ, एक्सेल, फोटो, व्हिडिओ काहीही, तर मिराकास्ट. वाय-फाय अलायन्स या संस्थेनं २०१२ मध्ये आणलेली ही पद्धत. विंडोज ८.१ पासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये तिची सोय आहे, आणि तिला राउटरसुद्धा लागत नाही.

फक्त एखादी फाइल टीव्हीवर चालवायची असेल आणि लॅपटॉपवर दुसरं काम करत राहायचं असेल, तर डीएलएनए. ही २००३ सालची जुनी व्यवस्था, पण आजही बऱ्याच टीव्हींत आहे.

आणि यूट्यूब किंवा ब्राउझरमधलं एखादं पान दाखवायचं असेल तर क्रोममधलं कास्ट. गूगलनं २०१३ मध्ये क्रोमकास्ट नावाची छोटी डबी आणली तेव्हापासूनचं हे तंत्र. २०२४ मध्ये गूगलनं ती डबी बनवणं थांबवलं, तरी अँड्रॉइड टीव्ही आणि गूगल टीव्ही लिहिलेल्या संचांत हे तंत्र आतच बसवलेलं असतं.

मिराकास्ट आणि क्रोमकास्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती क्रोमकास्टची डबी लावलेला टीव्ही विंडोजच्या मिराकास्टच्या यादीत येत नाही. तिथे कितीही शोधलं तरी सापडणार नाही, क्रोमच उघडावं लागतं.

पूर्ण पडदा नेताना

लॅपटॉपला मिराकास्ट जमतं का ते आधी बघा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा अक्षरं सलग टाइप करून एंटर करा. उघडलेल्या खिडकीत खाली 'सेव्ह ऑल इन्फर्मेशन' आहे, ते दाबून फाइल डेस्कटॉपवर ठेवा. फाइल उघडून त्यात मिराकास्ट शब्द शोधा. पुढे 'अव्हेलेबल' असेल तर झालं. नसेल तर बहुधा वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर, जुना असतो, तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घालावा. टेबलावरच्या कॉम्प्युटरला वाय-फायच नसेल तर यूएसबीचा वाय-फाय अडॅप्टर लागेल. तो घेताना दुकानात मिराकास्ट चालतं का हे विचारून घ्या.

आता टीव्ही. सॅमसंगमध्ये बहुधा काही उघडावं लागत नाही, विनंती आली की तो पडद्यावर विचारतो. एलजीमध्ये 'स्क्रीन शेअर' नावाचं ॲप उघडून ठेवायचं. टीव्हीच्या एचडीएमआयला लावायच्या फायर टीव्ही स्टिकच्या ज्या मॉडेलांत सोय आहे तिथे रिमोटचं घराचं बटण दाबून धरलं की 'मिररिंग' दिसतं. बाकी कंपन्यांच्या टीव्हीत 'मिराकास्ट', 'वाय-फाय डिस्प्ले' किंवा 'स्क्रीन मिररिंग' यांपैकी एखादं नाव सोर्समध्ये किंवा ॲपमध्ये शोधायचं.

टीव्ही तयार झाला की लॅपटॉपवर विंडोज आणि के दाबा. उजव्या कडेला पट्टी येते, तिच्यात टीव्हीचं नाव दिसायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढा धीर धरा, पट्टी बंद-चालू करत राहिलात तर शोध परत पहिल्यापासून सुरू होतो. नावावर क्लिक करा. टीव्हीवर 'अलाव' किंवा चार-आठ आकडी पिन येईल ती द्या. लॅपटॉपचं वाय-फाय चालू असायलाच हवं, कशालाही जोडलेलं नसलं तरी चालतं.

पहिल्या दिवशी माझं इथेच अडलं. घाईत रिमोटवर 'डिनाय' दाबलं गेलं, आणि टीव्हीनं माझा लॅपटॉप कायमचा नाकारलेल्यांच्या यादीत टाकला. नंतर कितीही वेळा जोडलं तरी टीव्हीवर काही उमटेना. सॅमसंगमध्ये ही यादी सेटिंगमधल्या 'एक्सटर्नल डिव्हाइस मॅनेजर'मध्ये असते. तिथून लॅपटॉपचं नाव काढलं आणि परत जोडलं तेव्हा विचारणा आली. इतर टीव्हीतही अशी यादी कुठेतरी असते, ती आधी शोधा.

त्याच जागी 'प्रत्येक वेळी विचारा' अशी सोय असेल तर ती चालू ठेवा. गल्लीत घरं भिंतीला भिंत लावून असतात. शेजारच्या पोरानं चुकून आपल्या टीव्हीवर त्याचा मोबाइल जोडला, असं मी एकदा नाही, दोनदा बघितलंय.

चित्र आलं, पण नीट नाही

विंडोज आणि पी दाबलं की चार पर्याय येतात. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र. 'एक्सटेंड' म्हणजे टीव्ही हा लॅपटॉपला जोडलेला दुसरा पडदा. 'सेकंड स्क्रीन ओन्ली'त फक्त टीव्ही चालू राहतो.

पाहुणे असतील तर मी नेहमी एक्सटेंड घेते. व्हिडिओची खिडकी माउसनं उजवीकडे ओढत नेली की ती लॅपटॉपच्या कडेतून बाहेर पडून टीव्हीवर उगवते. लॅपटॉपवर आपलं आपल्याकडे राहतं. डुप्लिकेटमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज टीव्हीच्या कोपऱ्यात सगळ्यांना दिसतो, आणि घरातले मेसेज सगळ्यांनी वाचायचे नसतात. डुप्लिकेटच हवं असेल तर आधी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा.

आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर खाली घड्याळाशेजारच्या स्पीकरवर क्लिक करून आवाजाच्या पट्टीशेजारचं चिन्ह दाबा आणि यादीतून टीव्हीचं नाव निवडा.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील, म्हणजे खालची टास्कबार अर्धीच दिसत असेल, तर दोष लॅपटॉपचा नाही. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये जाऊन 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन' करा. अक्षरं बारीक वाटली तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा पडदा निवडून स्केल १५० टक्के करा. आज्जीसाठी मी १७५ ठेवते.

माउस हलवला की टीव्हीवरचा बाण क्षणभर मागून येतो. तो तसाच येणार. चित्र लॅपटॉपमध्ये बांधून, हवेतून पाठवून, टीव्हीत सोडवावं लागतं, त्याला वेळ लागतो. व्हिडिओ बघताना हे जाणवत नाही, खेळ खेळताना जाणवतं.

मंडळाच्या कार्यक्रमात मात्र याचा खरा त्रास होतो. चित्र टीव्हीवर आणि आवाजाची वायर लॅपटॉपमधून थेट ॲम्प्लिफायरला, अशी जोडणी असली की आवाज आधी पोचतो आणि ओठ नंतर हलतात. व्हिडिओ व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा आणि इंग्रजी के दाबत जा. दर वेळी आवाज ५० मिलिसेकंदांनी मागे सरकतो. जास्त मागे गेला तर जे दाबून पुढे आणायचा. बोलणाऱ्या माणसाचा जवळून घेतलेला एखादा तुकडा लावून कार्यक्रमाआधी हे जुळवून ठेवा, ढोल-ताशाच्या तुकड्यावर नीट कळत नाही.

चित्र अडखळत असेल तर लॅपटॉप राउटरच्या २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा, किंवा राउटरपासून तोडूनच बघा. लॅपटॉपचं एकच वाय-फाय एका वेळी राउटरशी आणि टीव्हीशी बोलत असतं. २.४ वर गल्लीतल्या सगळ्या घरांची गर्दी असते. ५ वेगवान आहे, पण भिंत आली की लवकर दमतो. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या मातीच्या जाड भिंतीपलीकडून तर अपेक्षाच करू नये. टीव्ही असलेल्या खोलीतच लॅपटॉप घेऊन बसावं.

फक्त फाइल पाठवायची असेल तर

कंट्रोल पॅनलमध्ये 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर' उघडा, डावीकडे 'मीडिया स्ट्रीमिंग ऑप्शन्स' दिसेल, ते चालू करा. इथे मात्र राउटर लागतो, आणि लॅपटॉप व टीव्ही दोन्ही त्यालाच जोडलेले हवेत. मग व्हिडिओच्या फाइलवर उजवं क्लिक करून 'कास्ट टू डिव्हाइस' आणि टीव्हीचं नाव. विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं. उलट बाजूनंही होतं. टीव्हीच्या सोर्समध्ये लॅपटॉपचं नाव दिसतं आणि आतले फोटो-व्हिडिओचे फोल्डर रिमोटनं उघडता येतात. घरातल्या मोठ्यांना हे सगळ्यात सोयीचं पडतं.

फाइल टीव्हीला स्वतः उघडावी लागते, म्हणून तिचा प्रकार त्याला कळायला हवा. एमपी४, आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज, हे जवळपास सगळीकडे चालतं. चित्र येतं पण आवाज येत नाही अशी फाइल असेल तर आवाज बहुधा डीटीएस या वेगळ्या प्रकारचा असतो. आयफोनचे फोटो उघडत नसतील तर ते हेइक प्रकारचे असतात, ते जेपीईजी करून घ्या.

मराठी अक्षरांचा प्रश्न इथे हमखास येतो. पुष्कळ टीव्ही देवनागरी सबटायटलच्या जागी नुसत्या चौकटी दाखवतात, फाइलचं नाव मराठीत असेल तर तेही बिघडतं. सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'सेव्ह ॲज' करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ करून बघा. तरी जमलं नाही तर फाइल पाठवायचा हट्ट सोडा, व्हीएलसीत लावून पूर्ण पडदाच मिराकास्टनं न्या. तेव्हा अक्षरं लॅपटॉप रंगवतो, टीव्हीकडे फक्त चित्र जातं. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या निमंत्रणपत्रिका, शाळेचे अहवाल यांनाही हाच उपाय, किंवा पीडीएफ करून ठेवणं.

लॅपटॉप झोपला की व्हिडिओ थांबतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा आणि झाकण मिटल्यावर 'डू नथिंग'.

यूट्यूब आणि ब्राउझर

क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, मग 'कास्ट, सेव्ह अँड शेअर', मग 'कास्ट'. टीव्हीचं नाव दिसलं की 'सोर्सेस'मधून फक्त तो टॅब द्यायचा की पूर्ण पडदा ते निवडा. व्हिडिओ यूट्यूबचा असेल तर टॅब पाठवू नका, व्हिडिओच्या कोपऱ्यातलंच कास्टचं चिन्ह दाबा. मग टीव्ही तो व्हिडिओ स्वतः नेटवरून ओढतो, चित्र स्वच्छ येतं आणि लॅपटॉप मिटला तरी चालतं.

पण घरात ब्रॉडबँड नसेल आणि टीव्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर जपून. टीव्ही आपल्या मनानं सगळ्यात चांगली गुणवत्ता घेतो, आणि फुल एचडीत तासाला एक जीबीच्या पुढे सहज जातं. दिवसाचा दोन जीबीचा पॅक एका नाटकात संपतो. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये गुणवत्ता ४८० वर आणून ठेवा. ४३ इंचावर पलंगावरून बघताना ते पुरतं.

ओटीटीचे चित्रपट पडदा पाठवून दाखवायला जाल तर आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळोख राहतो, असं पुष्कळदा होतं. नक्कल होऊ नये म्हणून ते मुद्दाम अडवलेलं असतं. टीव्हीतच त्यांचं ॲप घाला.

टीव्हीचं नावच दिसत नाही

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथल्याच असतात, आणि दोष टीव्हीचा क्वचितच निघतो. मिराकास्टला राउटर लागत नाही, पण डीएलएनए आणि कास्टला लॅपटॉप आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर लागतात.

मामांच्या घरी शहापुरात खाली ब्रॉडबँडचा राउटर आणि माडीवर जुना राउटर, तो खालून वायर नेऊन जोडलेला. नेट दोन्हीकडे झकास. पण कास्ट करताना माडीवरच्या लॅपटॉपला खालचा टीव्ही दिसेना. मामांनी टीव्ही दोनदा रीसेट केला होता, आता मेकॅनिकला बोलवायच्या बेतात होते. मी टीव्हीच्या नेटवर्क स्टेटसमध्ये आयपी पत्ता, म्हणजे राउटरनं त्याला दिलेला क्रमांक, बघितला: १९२.१६८.१.७. लॅपटॉपचा वाय-फाय प्रॉपर्टीजमध्ये: १९२.१६८.०.१२. तिसरा आकडा वेगळा. घर एक, पण नेटवर्क दोन, आणि वरचं नेटवर्क खालच्या टीव्हीपर्यंत शोध पोचू देत नव्हतं.

उपाय सोपा आहे. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो घ्यायचा. नसेल तर त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, बंद करून, त्याला खालच्याच मालिकेतला कुणी न घेतलेला पत्ता द्यायचा, आणि खालून आलेली वायर वॅनऐवजी लॅनच्या भोकात लावायची. मग दोन्ही मजल्यांवर पहिले तीन आकडे सारखे होतात आणि टीव्ही लगेच दिसतो. अडचण आली की मी सगळ्यात आधी हे दोन पत्ते बघते. इतर काही करण्याआधी तुम्हीही बघा.

पत्ते सारखे असूनही दिसत नसेल तर लॅपटॉप 'गेस्ट' वाय-फायला जोडलाय का बघा, तिथे एक यंत्र दुसऱ्याला दिसत नाही. मग विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पब्लिक'च्या जागी 'प्रायव्हेट' करा. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांची घरून कामं करणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी सोय, असतं, ते चालू असेपर्यंत घरचा टीव्ही पुष्कळदा दिसत नाही. काही कंपन्या ही सोयच बंद करून देतात. तो लॅपटॉप सोडा, घरचा घ्या.

लाईट जाऊन आली की टीव्ही आधी उठतो आणि राउटर दोन-तीन मिनिटांनी. तेवढं थांबून टीव्हीचं वाय-फाय परत जोडा. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला तर ही कटकटच राहत नाही.

मॅक असेल तर कंट्रोल सेंटरमधलं 'स्क्रीन मिररिंग' आणि एअरप्ले, म्हणजे ॲपलची पडदा पाठवायची पद्धत, असलेला टीव्ही. २०१९ नंतरच्या सॅमसंग, एलजी, सोनीच्या बऱ्याच संचांत ते आहे. लिनक्सवर 'जीनोम नेटवर्क डिस्प्लेज' हे ॲप घाला. टीव्ही साधा असेल, फक्त एचडीएमआयचं भोक असेल, तर स्टिक विकत घ्यायच्या आधी घरात पडलेला जुना लॅपटॉप आठवा. त्यात विंडोज १० किंवा ११ असेल तर ऑप्शनल फीचर्समधून 'वायरलेस डिस्प्ले' उतरवा, तो केबलनं टीव्हीच्या मागे कायमचा लावून ठेवा, आणि 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी' चालू करा. दुसऱ्या लॅपटॉपवरून त्याच्याकडे चित्र पाठवता येतं.

वर्गात

कर्नाटकातल्या मराठी माध्यमाच्या शाळांची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये सरकारी साइटवरून उतरवता येतात. मी ती घरीच उतरवून नेते. आमच्या शाळेत नेट नाही, राउटर नाही, एक टीव्ही आहे ज्यात मिराकास्ट चालतं. एवढंच पुरतं.

मुलं यायच्या आधी पाच मिनिटं टीव्ही लावते, विंडोज आणि के दाबून जोडते, एक्सटेंड घेते. ब्राउझरमध्ये उघडलेली पीडीएफ टीव्हीवर ओढून एफ११ दाबते, की वरच्या पट्ट्या जाऊन नुसतं पान राहतं. मग कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह, शेवटच्या बाकावर स्वतः बसून जोडाक्षरं वाचता येईपर्यंत. पूर्ण पान एका वेळी दाखवत नाही, अर्धंच, म्हणजे एका वेळी चार-पाच ओळी. ज्या मुलाकडे पुस्तक पोचलेलं नसतं त्यालाही तेव्हा तोच धडा सगळ्यांबरोबर वाचता येतो.

वाचताना लॅपटॉप चार्जरवर ठेवायचा, वाय-फाय आणि व्हिडिओ मिळून बॅटरी भराभर खातात. पिशवीत तीन मीटरची एचडीएमआय केबल असतेच, तपासणीच्या दिवशी किंवा गॅदरिंगला हवेवर विसंबत नाही. तास संपला की विंडोज आणि के दाबून 'डिस्कनेक्ट' करते. नुसता टीव्ही बंद केला तर एक्सटेंडमधल्या खिडक्या कधीकधी त्या न दिसणाऱ्या पडद्यावर अडकून राहतात. तसं झालंच तर विंडोज आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' केलं की सगळं परत लॅपटॉपवर येतं.